एएम५ बोर्डवर डिस्प्ले येत नाही, ‘डीरॅम’चा दिवा विझत नाही: कुठल्या क्रमाने काय तपासायचं

एएमडीच्या एएम५ सॉकेटचा, एक्स६७०ई किंवा एक्स८७०ई चिपसेटचा महागडा मदरबोर्ड, नवा कोरा राइझन प्रोसेसर, डीडीआर५ रॅम. सगळं जोडून बटण दाबलं की फॅन फिरतात, आरजीबी झगमगतं आणि मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवून झोपी जातो. मग बोर्ड ‘डेड’ ठरवून लोक तो दुकानात परत नेतात. त्यातले बरेच बोर्ड धडधाकट असतात. एएम५ चा पहिला बूट जुन्या एएम४ पेक्षा वेगळा असतो आणि तो वेगळेपणाच बिघाड समजला जातो. खरे बिघाडही असतात, पण ते या यादीत बरेच खाली आहेत. म्हणून फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी, हत्यारं लागणाऱ्या नंतर.

लक्षणं: तुमचा त्रास यातला कोणता?

बोर्डच्या उजव्या कडेला, २४ पिनच्या सॉकेटजवळ, चार बारीक दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. बोर्ड सुरू होताना हीच क्रमवारी पाळतो आणि जिथे अडतो तो दिवा पेटता राहतो. वरच्या श्रेणीच्या बोर्डवर दोन आकडी कोड दाखवणारा छोटा डिस्प्लेही असतो.

– डीरॅमचा दिवा (बहुतेक वेळा पिवळा) पेटून राहतो, कोड १५ च्या आसपास घुटमळतो. सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच.
– कोड ५५: बोर्डला रॅम दिसतच नाही.
– सीपीयूचा दिवा पेटून राहतो, कोड ००: प्रोसेसरच ओळखला गेलेला नाही. जुना बायॉस (बोर्ड सुरू करणारं, त्यातच साठवलेलं सॉफ्टवेअर), प्रोसेसरच्या पॉवरची न जोडलेली ८ पिन किंवा सॉकेटमधली वाकलेली पिन.
– व्हीजीएचा दिवा, कोड डी६: रॅमचा टप्पा पार पडला, चित्र दाखवायला काही सापडत नाही.
– कोड एए आणि तरी स्क्रीन काळी: पीसी सुरू झालाय, घोळ केबलचा किंवा मॉनिटरच्या इनपुटचा आहे.
– बटण दाबल्यावर काहीच नाही, फॅनसुद्धा नाही: हा प्रश्न एसएमपीएस (पॉवर सप्लाय), त्याचा मागचा स्विच किंवा कॅबिनेटच्या पॉवर बटणाच्या वायरचा. रॅमच्या मागे लागू नका.
– एकदा सुरू झाला, पण एक्स्पो (रॅम तिच्या जाहिरातीतल्या वेगावर चालवणारी बायॉसमधली सेटिंग) चालू केल्यावर किंवा लाइट जाऊन आल्यावर परत तेच: हा भाग शेवटाकडे आहे, थेट तिथे गेलात तरी चालेल.

काहीही खोलण्याआधी पेटलेल्या दिव्याचा आणि कोडचा फोटो काढून ठेवा. पुढे दुकानदाराशी बोलताना ‘काहीच होत नाही’ यापेक्षा ‘डीरॅमचा दिवा, कोड १५, वीस मिनिटं’ हे वाक्य फार लवकर काम करतं.

पहिली तपासणी: हात लावू नका, घड्याळ लावा

डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर प्रत्येक स्टिकसोबत सिग्नलची वेळ आणि व्होल्टेज जुळवून पाहतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. हे चालू असताना स्क्रीन पूर्ण काळी असते, डीरॅमचा दिवा पेटलेला असतो आणि पीसी मध्येच दोन-तीनदा आपोआप रीस्टार्टही होतो. बाहेरून पाहिलं तर बिघाड आणि ट्रेनिंग यांत काडीचा फरक दिसत नाही.

दोन स्टिकच्या ३२ जीबीला हे काही मिनिटांत उरकतं. ६४ जीबी, १२८ जीबी किंवा चार स्टिक असतील आणि बायॉस जुना असेल, तर दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आला, तेव्हाच्या बायॉसवर तर फारच वेळ लागायचा. पुढच्या आवृत्त्यांनी तो बराच कमी केला.

तेव्हा दोन स्टिकला १५ मिनिटं, चार स्टिकला २० मिनिटं. या वेळात पॉवर बटण दाबून ठेवायचं नाही, भिंतीवरचा स्विच बंद करायचा नाही. तिसऱ्या मिनिटाला धीर सुटून बंद केलेला पीसी पुढच्या वेळी ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू करतो. असं पाचदा केलं की ‘पाच वेळा करून पाहिलं, येतच नाही’ हे वाक्य तयार होतं. पीसी यूपीएसवर असेल तर उत्तम.

केबल: फुकट, पाच मिनिटं

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की बोर्डमध्ये? कार्ड बसवलं असेल तर केबल कार्डातच हवी. राइझन ७००० आणि ९००० च्या बहुतेक प्रोसेसरमध्ये छोटं अंगभूत ग्राफिक्स असतं, त्यामुळे बोर्डच्या एचडीएमआयवरूनही चित्र येऊ शकतं. नावात शेवटी ‘एफ’ असलेले प्रोसेसर, उदाहरणार्थ ७५००एफ किंवा ८४००एफ, याला अपवाद: त्यांना कार्डाशिवाय डिस्प्ले मिळणारच नाही. डिस्प्लेपोर्टवर काही मॉनिटर बायॉसची स्क्रीन दाखवायला कुरकुर करतात. एकदा एचडीएमआय लावून पाहा.

मग पॉवर. बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली ८ पिनची जागा प्रोसेसरची आहे. महागड्या बोर्डवर अशा दोन असतात. सुरू व्हायला एक पुरते, दुसरी जड ओव्हरक्लॉकिंगसाठी. इथे लागणाऱ्या केबलचं टोक ४+४ असं फुटतं आणि त्यावर ‘सीपीयू’ लिहिलेलं असतं. ग्राफिक्स कार्डाची केबल ६+२ अशी फुटते. दोन्हींच्या खाचा वेगळ्या आहेत, पण जोर लावणाऱ्याला खाच अडवू शकत नाही. सहज जात नसेल तर ती केबल तिथली नाही.

मॉड्युलर एसएमपीएस असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: जुन्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावायच्या नाहीत. बोर्डकडच्या टोकाची पिनरचना ठरलेली असते, एसएमपीएसकडच्या टोकाची नसते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की एसएसडी जळतो, कधी बोर्डही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही रचना वेगळी निघते.

२४ पिनचा प्लग खटका वाजेपर्यंत दाबा. नव्या बोर्डवर तो इतका घट्ट असतो की एका बाजूने दोन मिलिमीटर वर राहिलेला लक्षातही येत नाही. बोर्डखाली दुसऱ्या हाताचा आधार घ्या, नाहीतर बोर्ड वाकतो.

रॅम: इथेच बहुतेकांचं काम होतं

एसएमपीएसचा स्विच बंद करा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेला करंट उतरवा, मगच रॅमला हात लावा.

दोन स्टिक असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये हव्यात. बोर्डवर तिथे ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. कारण साधं आहे: प्रत्येक चॅनेलचे (प्रोसेसर ते रॅम या जोडणीचे) तांब्याचे मार्ग आधी जवळच्या स्लॉटपाशी जाऊन मग लांबच्या स्लॉटवर संपतात. स्टिक जवळच्या स्लॉटमध्ये आणि लांबचा रिकामा, असं केलं तर सिग्नल रिकाम्या टोकावर आपटून मागे उलटतो. डीडीआर४ हे बऱ्यापैकी खपवून घ्यायची, डीडीआर५ घेत नाही.

आता नीट बसली आहे का ते. सध्याच्या बऱ्याच बोर्डवर स्लॉटची फक्त वरची कडी उघडते, खालची बाजू पक्की असते. स्टिक आत ढकलली की वरची कडी ‘टक्’ करून बंद होते आणि आपण खूश होतो, पण खालचं टोक, ग्राफिक्स कार्डाकडचं, अर्धा-एक मिलिमीटर वरच राहिलेलं असतं. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून दोन्ही टोकांची तुलना करा. एका टोकाला सोनेरी पट्टीची रेघ दिसते आणि दुसऱ्या टोकाला दिसत नाही, म्हणजे स्टिक तिरकी बसली आहे. आधी खालचं टोक अंगठ्याने दाबा, मग वरचं.

नंतर एकच स्टिक ए२ मध्ये ठेवून सुरू करा आणि परत पंधरा मिनिटं द्या. नाही आलं तर दुसरी स्टिक त्याच स्लॉटमध्ये. दोन्ही ए२ मध्ये अडतात पण बी२ मध्ये चालतात, म्हणजे स्टिक चांगल्या आहेत. स्लॉट, सॉकेटची पिन किंवा कूलरचा दाब यांपैकी काहीतरी आहे. एकच स्टिक सगळीकडे अडते, म्हणजे ती स्टिक बदलून घ्या. किट असेल तर पूर्ण किट बदलून घ्या, एक सुटी स्टिक नको.

खोडरबराने रॅम घासायचा जुना उपाय इथे नको. नव्या स्टिकवर काळपट थर नसतोच, उलट रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो. कोकणपट्टीत किंवा मुंबईच्या दमट हवेत वर्ष-दोन वर्षं चाललेल्या पीसीसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि न उसवणारं कापड पुरे.

सीमॉस क्लिअर

सीमॉस म्हणजे बायॉसच्या सेटिंग जिथे साठवल्या जातात ती जागा. तिथली चुकीची किंवा अर्धवट लिहिली गेलेली सेटिंग बोर्डला प्रत्येक वेळी त्याच भिंतीवर नेऊन आपटते. एक्स्पो चालू केल्यानंतर सुरू झालेला त्रास बहुतेक असाच असतो. महागड्या बोर्डच्या मागे क्लिअर सीमॉसचं बटण असतं. एसएमपीएस बंद करून ते काही सेकंद दाबा. बटण नसेल तर बोर्डवरच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दहा सेकंद जोडा, किंवा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा. सेल बहुधा ग्राफिक्स कार्डाखाली किंवा एम.२ एसएसडीच्या हीटसिंकखाली लपलेला सापडेल. क्लिअर केल्यावर ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून होणार, म्हणजे परत घड्याळ.

बायॉस फ्लॅशबॅक

फ्लॅशबॅक म्हणजे पीसी सुरू न करता पेनड्राइव्हवरून बायॉस नवा करणं. सीपीयूचा दिवा पेटत असेल तर रॅमच्या आधी इथे या. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला ९८००एक्स३डी २०२३ मध्ये पॅक झालेल्या एक्स६७०ई किंवा बी६५० बोर्डवर जुन्या बायॉसने चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. बोर्ड तयार झाला तेव्हा तो प्रोसेसरच नव्हता. बोर्डच्या पानावर ‘सपोर्टेड सीपीयू’ यादीत तुमच्या प्रोसेसरपुढे किमान बायॉस आवृत्ती लिहिलेली असते.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. एप्रिल २०२३ मध्ये काही ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याचं समोर आलं. त्यानंतर एएमडीने बायॉसमधून एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला मिळणाऱ्या) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. मे २०२३ च्या आधीचा बायॉस असलेला बोर्ड, जुना स्टॉक असो की सेकंडहँड, अपडेट केल्याशिवाय एक्स्पोवर चालवू नका.

फ्लॅशबॅकला प्रोसेसर लागत नाही, रॅमही लागत नाही. २४ पिन आणि ८ पिन जोडलेली असली की झालं. ३२ जीबी किंवा त्याहून लहान पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. उतरवलेली झिप फाइल उघडून आतल्या फाइलचं नाव बदला: एमएसआयला ‘एमएसआय डॉट रॉम’, गिगाबाइटला ‘गिगाबाइट डॉट बिन’, अ‍ॅसरॉकला ‘क्रिएटिव्ह डॉट रॉम’, अर्थात ही नावं इंग्रजी अक्षरांतच. असुसच्या झिपमध्ये नाव बदलून देणारा छोटा प्रोग्रॅम असतो. पेनड्राइव्ह मागच्या त्याच यूएसबीत लावा जिच्याभोवती खूण केलेली आहे. बाकी पोर्टवर काहीही होत नाही. बटण तीन सेकंद दाबा, दिवा लुकलुकू लागेल, आठ-दहा मिनिटांत थांबेल. असुसवर दिवा पाच सेकंद लुकलुकून स्थिर झाला, तर फाइल वाचलीच गेली नाही: नाव, फॉरमॅट किंवा पोर्ट चुकलंय. विंडोजमध्ये फाइलची शेपटी लपवलेली असल्याने ‘डॉट रॉम डॉट रॉम’ असं दुहेरी नाव होणं ही यातली नेहमीची चूक.

मध्येच लाइट गेली तर घाबरू नका. फ्लॅशबॅकची यंत्रणा मुख्य बायॉसवर अवलंबून नसते, त्यामुळे सहसा तीच कृती पुन्हा करता येते.

व्हीजीएचा दिवा असेल तर

कार्ड काढून बोर्डच्या एचडीएमआयवर पाहा. चित्र आलं तर कार्ड, त्याची पॉवर केबल किंवा राइझर. उभं कार्ड लावायला घेतलेली राइझर केबल पीसीआय-ई ४.० ची, स्लॉट आणि कार्ड ५.० चे, हे समीकरण अनेकदा अडतं. बायॉसमध्ये पहिल्या स्लॉटचा वेग ‘ऑटो’वरून जेन ४ करा. १६ पिनचा पॉवर प्लग पूर्ण आत गेला आहे का तेही पाहा. फट राहिलेला प्लग वितळू शकतो.

कॅबिनेटबाहेर काढून

इथून पुढे तासभर हाताशी हवा. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चकचकीत अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, तिची बाहेरची बाजू वीजवाहक असू शकते. प्रोसेसर, कूलर, ए२ मध्ये एक स्टिक, २४ पिन, एक ८ पिन, बोर्डच्या एचडीएमआयला मॉनिटर, बस्स. प्रोसेसर ‘एफ’ असेल तर कार्डही. असा चालला तर दोष कॅबिनेटमध्ये आहे: बोर्डला छिद्र नसलेल्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब) मागून शॉर्ट करतो, किंवा समोरच्या यूएसबीच्या प्लगची पिन वाकलेली असते.

कूलर आणि सॉकेट

एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला होत्या. एएम५ मध्ये १७१८ पिना बोर्डच्या सॉकेटमध्ये आहेत. कूलर एका बाजूने जास्त आवळला की प्रोसेसरचा दुसरा कोपरा पिनांवर नीट टेकत नाही आणि एक मेमरी चॅनेल गायब होतं. कूलरचे स्क्रू आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा फिरवून लावा. स्क्रू आपणहून थांबतो तिथे थांबा. जास्त जोराने थंडावा वाढत नाही.

तरीही नाही, तर प्रोसेसर काढून सॉकेट पाहा. टॉर्च एका बाजूने तिरका धरा, डोकं हळूहळू हलवा. सगळ्या पिनांची टोकं एका ओळीत, एकाच वेळी चमकतात. जी पिन शेजारणींपेक्षा आधी किंवा उशिरा चमकते, ती वाकलेली. बोटाने किंवा कापडाने काहीही पुसायचं नाही; कापडाचा एक धागा दहा पिना घेऊन जातो.

सुरू झाला, पण परत परत तेच

चार स्टिक आणि एक्स्पो ६००० ही सर्वांत मोठी आशा आणि सर्वांत मोठी तक्रार. रॅमच्या वेगाचा एएमडीचा अधिकृत आकडा पाहा: ९००० मालिकेत दोन स्टिकला ५६००, चार स्टिकला ३६००. त्यापुढचं सगळं नशिबावर. ३२ जीबीची दोन सारखी किट घेऊन ६४ करण्यापेक्षा ३२-३२ च्या दोन स्टिकचं एक किट घ्या. आधीच घेतली असेल तर एक्स्पो बंद ठेवा, किंवा वेग ५२००, ४८०० असा पायरीपायरीने उतरवा.

रोज सकाळी सुरू व्हायला मिनिटभर जास्त लागत असेल तर बायॉसमध्ये ‘मेमरी काँटेक्स्ट रिस्टोअर’ बंद आहे. ते चालू केलं की जुनं ट्रेनिंग वापरलं जातं. त्यासोबत ‘पॉवर डाउन इनेबल’सुद्धा चालू हवं, एक चालू आणि दुसरं बंद, यातून निळ्या स्क्रीन येतात. लाइट गेल्यावर घड्याळ आणि सेटिंग दोन्ही पुसली जात असतील, तर सीआर२०३२ सेल संपलाय. काही रुपयांचं काम.

थांबायचं कधी

सॉकेटमधली पिन वाकलेली दिसली, तर तिथेच थांबा. सुई-टाचणीने सरळ करायचे व्हिडिओ भरपूर आहेत. सूक्ष्मदर्शक नसेल तर एकीच्या तीन होतात. हे काम चिप-लेव्हल दुरुस्ती करणाऱ्याचं. जळका वास, प्रोसेसरच्या खालच्या बाजूला तपकिरी डाग, फुगवटा: पुन्हा वीज द्यायची नाही, दुसरा प्रोसेसर लावून ‘बघायचं’ही नाही, तोही जाईल. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासा. एसएमपीएस स्वतः कधीच उघडू नका. बंद असतानाही आतले कपॅसिटर जोरदार झटका देतात. आणि फ्लॅशबॅक दोन वेगळ्या पेनड्राइव्हनी फसला, किंवा एक स्टिक, नवा बायॉस, कॅबिनेटबाहेर असं सगळं करूनही तोच दिवा राहिला, तर वॉरंटीत द्या.

सर्व्हिस सेंटरला बोर्ड देताना सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण हवंच. वाकलेली पिन ही ग्राहकाची चूक धरली जाते आणि वॉरंटी तिथेच संपते.

बोर्ड अजून घ्यायचा असेल तर

वरचं सगळं वाचल्यावर महागड्या बोर्डचे पैसे कशाला मोजायचे हे जवळजवळ ठरतं: दोन आकडी कोड, फ्लॅशबॅकचं बटण, मागचं क्लिअर सीमॉस, बोर्डवरच पॉवर बटण. गेमिंगला यातलं काही एक फ्रेमही वाढवत नाही, पण डिस्प्ले गेला त्या रात्री उपयोगी पडतं. एक्स८७०ई म्हणजे एक्स८७० च्या एकाऐवजी दोन चिपसेट चिप, अर्थात जास्त पोर्ट आणि जास्त एम.२, गेमचा वेग प्रोसेसर आणि कार्ड ठरवतात. मॅन्युअलमधला लेन (कार्ड आणि एसएसडीकडे जाणारे डेटाचे मार्ग) वाटपाचा तक्ता मात्र आधी वाचा. काही बोर्डवर दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी घातला की ग्राफिक्स कार्ड १६ वरून ८ लेनवर येतं. तो बिघाड नसतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या नाहीतर गावातल्या दुकानात, पक्कं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. काउंटरवरच झाकण उघडून सॉकेटचा जवळून एक फोटो काढा आणि झाकण परत लावा. प्लास्टिकचं ते झाकण प्रोसेसर बसवल्यावर निघून येतं आणि थेट कचऱ्यात जातं. ते बिलासोबत खोक्यात ठेवा.